उंदरांचा नैवेद्य

मुकुंद आवटींनी जन्मभर मारलेल्या थापा मिरजेतल्या लोकांनी मुकाट खऱ्या मानल्या. पुढे जे येतं ते मात्र अक्षरन् अक्षर घडलेलं आहे, आणि ते कोणाच्या बापाला पटणार नाही. लावा पैज.

आवटी जनावरांचे डॉक्टर. अर्धं आयुष्य आसपासच्या गावांतल्या म्हशींची अडलेली बाळंतपणं करण्यात गेलं. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या मेंदू-संशोधन संस्थेनं त्यांना बोलावून घेतलं आणि पांढऱ्या उंदरांवर नेमलं. म्हशीवरून उंदरावर आलो, आता पुढची बढती मुंगीवर, असं ते सांगत. कृष्णेच्या पुरात एका मगरीनं आपल्याला पाठीवर घेऊन ऐलतीरी सोडलं, ही त्यांची सगळ्यांत गाजलेली गोष्ट. ती ते अशा थाटात सांगत की ऐकणारा फक्त एवढंच विचारी, "मग मगरीला चहा विचारला की नाही?"

त्यांना पकडणारं माणूस गावात एकच होतं. त्यांची बायको, वैजयंतीबाई. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली बाई. सिद्धता दिल्याशिवाय कोणाचं काही ऐकून घेण्याची सवयच नव्हती. बाहेर ओसरीवर मगर पाठ वळवी, आवटी तिच्यावर मांडी ठोकत, आणि नेमक्या त्या क्षणी आतल्या खोलीतून, हातातली सुई न थांबवता, आवाज येई:

"लोणकढी!"

की बैठक हसून आडवी. खरं सांगायचं तर लोक थाप ऐकायला कमी आणि तो शब्द ऐकायला जास्त येत. आवटींनाही ते ठाऊक होतं. थाप रचताना ते तिचा एक कान मुद्दाम बाहेर ठेवत, बायकोला धरता यावा म्हणून.

मग वैजयंतीबाईंची साखर वाढली आणि साखरेच्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडात ‘निग्रह’ बसवला.

निग्रह म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कांडी, कातडीखाली सरकवायची. त्या वर्षांत अर्ध्या मिरजेच्या दंडात ती होती. तिचं काम समजायला थोडं आत शिरावं लागतं. आपल्या मेंदूत अफूची कुलपं असतात. दचकायचं कारण नाही, निर्व्यसनी माणसाच्याही असतात. शरीर स्वतःच अफूच्या जातीची रसायनं बनवतं. जिलबीचा पहिला घास तोंडात विरला की ती सुटतात आणि किल्लीसारखी त्या कुलपांत जाऊन बसतात. कुलूप फिरतं, आणि आपण म्हणतो, वा! जीभ नुसती खबर पोचवते. वा म्हणणारी जागा आत, मेंदूच्या तळाशी, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठी नाही. उंदराच्या त्या जागेवर अफूच्या कुळातलं औषध थेंबभर सोडलं तर पोटाला तडस लागलेला उंदीरसुद्धा पुन्हा गोडावर तुटून पडतो. उलट, त्याच कुलपांत एखादी खोटी किल्ली अडकवली, म्हणजे आत बसते पण फिरत नाही अशी, तर भुकेला उंदीर साखरपाण्याला तोंड लावतो आणि वळतो. भूक असते, चव कळते. जीव रमत नाही.

निग्रहातून ती न फिरणारी किल्ली वर्षभर पाझरे. लोक बारीक झाले, साखर उतरली, डॉक्टर खूश. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे आणि ‘नको नको’ म्हणणारे एकदमच बेकार झाले. बाजारातल्या शेवटच्या हलवायानं कढई विकून मोबाइलच्या काचा बदलायचं दुकान टाकलं.

बहुतेकांनी वर्षभरानं कांडी काढली आणि महिन्याभरात पुन्हा भडंगावर ताव मारू लागले. काही म्हाताऱ्या माणसांचं मात्र वेगळंच झालं. कुलपं अडकलेली बघून मेंदूनं घाईघाईनं नवी कुलपं बसवली, एकाच्या जागी पाच. आणि किल्ल्या तरी कशाला करायच्या, म्हणून किल्ल्यांचा कारखाना बंद करून टाकला. कांडी निघाली तेव्हा दारोदार कुलपं होती आणि किल्ली एकही नव्हती. गावात ह्याला ‘अळणी होणं’ म्हणत.

वैजयंतीबाई अळणी झाल्या.

आवटींना ते जेवणावरून कळलं नाही. एका संध्याकाळी ओसरीवर मगरीची गोष्ट रंगात आली, मगरीनं पाठ वळवली, आवटी थांबले. आतून आवाज आला नाही. त्यांनी मगरीला आणखी थोडं पोहायला लावलं. आवाज नाही. त्या दिवशी ती मगर प्रवाहाच्या उलट पार कऱ्हाडापर्यंत गेली. तिला कोणी अडवलंच नाही. आवटी उठून आत गेले तर बाई भिंतीकडे बघत बसल्या होत्या, समोर दहीभाताची वाटी तशीच.

पुढच्या वर्षभरात त्या निम्म्या झाल्या. औषध घ्यावं तसे दोन घास घेत. डॉक्टरांनी सांगितलं की नवरात्रापर्यंत असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न सोडावं लागेल.

"नळी लावायला मी काय गच्चीवरची टाकी आहे?" बाई म्हणाल्या. "मी नाही घालून घेणार. त्यापेक्षा मेलेली बरी."

त्या थापा मारत नसत. आवटींना त्या रात्री झोप लागली नाही.

संस्थेत रेहाना मुजावर नावाची तरुण शास्त्रज्ञ ह्याच दुखण्याच्या मागे लागलेली होती. बंद पडलेल्या कारखान्याऐवजी बाहेरून किल्ली द्यायची, असं तिचं औषध. अजून उंदरांवरच चाललं होतं. आवटींना ती काका म्हणे, आणि तिची एक मोठी अडचण काकांनीच सोडवली होती. उंदीर हा फार संशयी प्राणी. अनोळखी वस्तू दिसली की कोपऱ्यात बसून राहतो, खात नाही. म्हणून तर विषारी गोळ्यांना तो शतकानुशतकं पुरून उरला. औषध घातलेलं खाद्य तो हुंगून सोडून देई.

"त्यांना मोदकातून दे," आवटी म्हणाले होते. "मोदक त्यांच्या ओळखीचा आहे."

ओळखीचा होता, त्यामागेही एक थापच होती. नोकरीच्या पहिल्याच भाद्रपदात आवटींनी तोंडावरची सुरकुती न हलवता सगळ्यांना सांगितलं होतं की, परगावच्या एका प्रयोगशाळेत चतुर्थीला उंदरांना नैवेद्य दाखवला नाही, तर वर्षभर एकाही उंदरानं प्रयोगाला पाय उचलला नाही. शेवटी वाहन कोणाचं आहे ते! तेव्हापासून उंदीरघरात गणपती बसू लागला. सुताराकडून वालाच्या दाण्याएवढा साचा करून घेतला, आणि खव्याचे चिमुकले मोदक प्रत्येक पिंजऱ्यात जाऊ लागले. रेहाना पोट धरून हसली होती. पण त्याच साच्यात औषधाचा खवा दाबला, तेव्हा उंदरांनी तो मिटक्या मारत खाल्ला.

अनंत चतुर्दशीला दुपारीच रस्ते बंद झाले. आवटी संस्थेतला गणपती विसर्जनाला निघण्याआधी आरती करून, डबा पिशवीत घालून, गल्लीबोळांतून पायी घरी आले. मिरजेची मिरवणूक एकदा सुरू झाली की दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत संपत नाही. चौकाचौकात स्वागताच्या कमानी, लांबून ताशे.

"प्रसाद आणलाय," ते म्हणाले.

"किती लहान हो हे."

"उंदरांच्या मापाचे आहेत. एक घे."

"प्रसाद आहे म्हणून घेते. नाही कसं म्हणायचं?" वैजयंतीबाईंनी मोदक कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

त्या चावत होत्या. मग चावणं हळू झालं, बरंच हळू, जसं कोणी लांबून मारलेली हाक ऐकताना पाऊल टाकणं हळू करावं.

"अजून आहेत?"

आवटींनी डबाच पुढे केला. बाईंनी आणखी तीन खाल्ले. मग भिंतीला धरून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आवटी मागून गेले तर बाईंनी लोणच्याची बरणी उघडलेली, सकाळची थंड भाकरी हातात, आणि उभ्या उभ्याच खात होत्या. डोळ्यांतून पाणी.

"अहो, हे लिंबाचं लोणचं मीच घातलंय होय?"

"तूच. गेल्या पावसाळ्यात."

"आणि वर्षभर कोणी मला सांगितलं नाही काय झालंय ते!" त्यांनी बोट चाटलं. मग जीभ बाहेर आली, ओठांवरून सावकाश फिरली, आणि पुन्हा एकेक करून पाची बोटं चाटली.

आवटी दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. गणपतीला हात जोडायला म्हणून त्यांनी ते उचलले, आणि अर्ध्यावरच थांबले.

ती जीभ त्यांनी बघितलेली होती. रोज बघत होते. उंदराला गोड आवडलं की तो अशीच जीभ काढून ओठांवरून फिरवतो आणि मग पंजा चाटतो. रेहाना त्याचं चित्रण संथ करून बघे आणि औषध लागू पडलं की नाही ते त्यावरून ठरवी. पण अळणी जिवाचं असं चाटणं गेल्या वर्षभरात त्यांनी एकाच ठिकाणी पाहिलं होतं. तिसऱ्या रांगेतल्या पिंजऱ्यांत.

त्यांना आठवलं. संस्थेतल्या फ्रीजमध्ये दोन डबे होते, एक प्रसादाचा, एक प्रयोगाचा. दोन्हींवर चिकटपट्ट्या होत्या. देवापुढे पट्टी चिकटवलेला डबा काय ठेवायचा, ते काय रेशन आहे, असं म्हणून त्यांनी नखानं दोन्ही पट्ट्या खरवडून काढल्या होत्या. प्रयोगाचा डबाही त्यांनीच देवापुढे ठेवला होता, पोरीला यश दे म्हणून. मग आरती झाली, आणि एक डबा फ्रीजमध्ये परत गेला, एक पिशवीत.

त्यांनी रेहानाला फोन लावला.

"पोरी, फ्रीजमधला डबा उघड. घाई कर. काय आहे?"

"मोदक आहेत, काका. का?"

"त्यांच्यावर तपासणीचा थेंब टाक. रंग येतो का सांग."

पलीकडे बाटलीची खडखड.

"नाही येत," रेहाना म्हणाली. "काका, हे साधे आहेत. औषधाचे कुठे गेले?"

"तुझ्या काकूनं खाल्ले. चार."

"काकूंनी?" तिचा आवाजच बदलला. "काकूंचा निग्रह काढलेला आहे ना?"

"आहे."

दोघांनाही पुढचं माहीत होतं. उंदराच्या मापाचं औषध धडधाकट माणसाला मुंगी चावल्यासारखं. पण अळणी माणसाच्या मेंदूत एकाच्या जागी पाच कुलपं, आणि सगळी वर्षभर किल्लीची वाट बघत बसलेली. ती सगळी एकदम फिरतात. आणि अफूची कुलपं काही गोडीच्याच दाराला नसतात. मानेच्या वर, मेंदूच्या देठापाशी, श्वास चालवणारं एक दार आहे, त्यालाही असतात. ते फिरलं की मेंदू श्वास घ्यायला विसरतो, विशेषतः झोपेत. तिसऱ्या रांगेतल्या उंदरांचा निग्रह काढून झालेला होता. त्यांनी मोदक खाल्ले होते, पंजे चाटले होते. जे जागे राहिले त्यांची गोडी टिकली होती, पण काही जे झोपले ते उठले नव्हते. आवटींनी स्वतःच्या हातांनी त्यांना कडुलिंबाखाली पुरलं होतं.

"तुमच्या पिशवीत उतारा आहे?" रेहानानं विचारलं.

उंदीरघरातल्या प्रत्येकाकडे तो असे. नाकात मारायचा फवारा, बोटभर उंचीचा. आवटींनी तो बाहेर काढला.

"आहे."

"मारा."

वैजयंतीबाई लोणच्याचा हात पुसत खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. नाक खाजवत होत्या, पुन्हा पुन्हा. "काय आहे ते?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा आवटींनी सगळं सरळ सांगितलं. डबा, पट्टी, कुलपं, उंदीर. बाईंनी मुलाचं गणित ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हा फवारा मारला की काय होईल?"

"खोट्या किल्ल्या बसतील. धोका टळेल."

"आणि गोडी?"

"तीही जाईल."

"किती दिवस राहतो ह्याचा परिणाम?"

फोन टेबलावर होता. उत्तर रेहानानं दिलं. "तीन महिने, काकू. हल्लीची बरीच औषधं शरीरात टिकून राहतात, म्हणून उताराही टिकाऊ केलाय."

"म्हणजे नवरात्र मी पुन्हा अळणीच. मग नळी."

"काकू, आत्ता श्वासाचं बघू. नळीचं नंतर."

"तुला सोपं आहे म्हणायला. तू आत्ता जेवलीस का? काय जेवलीस?"

"डब्यातली वांग्याची भाजी, पण ते..."

"कशी होती?"

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

"मला वर्षभर कोणी विचारलं नाही कशी होती म्हणून," वैजयंतीबाई म्हणाल्या. "विचारून उपयोगच नव्हता. आता विचारा. लोणचं आंबट होतं, तिखट होतं, थोडं मीठ जास्त झालंय, आणि मला अजून हवंय. अहो, ठेवा तो फवारा खाली."

"वैजू..."

"खाली ठेवा म्हणते ना."

बाहेर रस्त्यावर पहिलं पथक वळणावर आल्याचा आवाज आला. रेहाना भराभर बोलत होती: रुग्णवाहिकेला कळवलंय, ती कमानींच्या पलीकडे अडकलीय, मी श्वासाचं यंत्र घेऊन चालत निघतेय. औषध तासाभरात उतरणीला लागेल. तेवढा वेळ झोप लागता कामा नये. "काका, त्या जाग्या आहेत, बोलतायत, तोवर मी गप्प बसते. पण एक जरी उत्तर आलं नाही तर कोणाला विचारत बसू नका. तुम्हाला तिसरी रांग माहीत आहे."

"ऐकलंत?" वैजयंतीबाई म्हणाल्या. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. "मग असं करू. तुम्ही थापा मारा. मी पकडते. एक जरी थाप माझ्या हातून सुटली तर मारा फवारा, मी ब्र काढणार नाही. कबूल?"

"हा काय खेळ आहे होय गं?"

"तुम्हाला दुसरं काय येतं? बसा इथं. सुरू करा."

आवटी समोर स्टूल घेऊन बसले. उजव्या हातात फवारा, टोपण काढलेलं. मनगटावरचं घड्याळ एरवी श्वासही मोजे, पण ढोलांच्या हादऱ्यानं त्यात आकडे वाटेल तसे नाचत होते. ते त्यांनी काढून ठेवलं.

"आपलं लग्न झालं," त्यांनी सुरुवात केली, "सांगलीत, नदीकाठच्या कार्यालयात..."

"जयसिंगपुरात. लोणकढी."

"तुझ्या वडिलांनी मला वरदक्षिणा म्हणून हत्ती दिला."

"स्कूटर देत होते. तुमच्या आईनं नको म्हटलं. लोणकढी."

"त्याच हत्तीवर बसून मी म्हैसाळला म्हशीचं बाळंतपण करायला..."

"ऊं... हत्तीच नव्हता तर बसलात कशावर? लोणकढी."

बरं चाललं होतं. पण दर वेळी तो शब्द थोडा उशिरा येत होता, आणि दर वेळी हनुवटी छातीकडे थोडी अधिक झुकत होती. आवटी त्यांच्या पदराकडे बघत होते. पदर वर येई, थांबे. पुन्हा वर येई.

आणि एक भलतंच होऊ लागलं. ज्या तोंडातून जन्मभर लाह्या फुटाव्यात तशा थापा फुटल्या, त्यात आता काही येईना. मगर आठवेना. पूर आठवेना. भीतीनं डोकं घासून लख्ख झालं होतं आणि त्यात खरं तेवढंच उरलं होतं.

"बोला की," बाई पुटपुटल्या. "झोप येतेय."

"तू शाळेतून यायची वेळ झाली," आवटी म्हणाले, "की मी दवाखान्याचं दार उघडं ठेवत असे. थंडीत सुद्धा. समोर म्हैस विव्हळत असली तरी. तू रस्त्यानं जाताना दिसावीस म्हणून."

उत्तर आलं नाही.

त्यांनी पाहिलं. डोळे मिटलेले. पदर हलत नव्हता. अंगठा फवाऱ्याच्या कळीवर गेला.

"वैजू!"

"ओरडता काय?" डोळे किलकिले झाले. "हे खरं आहे. दार करकरायचं. मला रोज ऐकू यायचं." एक लांब श्वास. "खरं सांगून फसवायचं नाही. थापाच मारायच्या ठरलंय."

आवटींनी कपाळावरचा घाम बाहीला पुसला. फोनमधून रेहानाच्या धापा ऐकू येत होत्या. ती पळत होती.

"काका? ठीक?"

"ठीक. तू कुठे आहेस?"

तिचं उत्तर कळलं नाही. कारण त्याच वेळी मोठा गणपती गल्लीच्या तोंडाशी आला आणि, दरवर्षी थांबतो तसा, नेमका त्यांच्या घरासमोर थांबला. ढोल आणि ताशे एकदम. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या, टेबलावरची बरणी आपोआप सरकू लागली.

आवटी बायकोच्या कानाशी वाकून ओरडले, "मगर! मगरीनं मला चहा पाजला! स्वतःच्या हातानं!"

ओठ हलले की नाही? त्यांना वाटलं हलले. गलबल्यात सांगता येईना. त्यांनी बायकोच्या नाकाखाली हात धरला, पण खिडकीतून वारा येत होता. तो वारा की श्वास, कळेना. त्यांनी खिडकी लावायला उठावं म्हटलं, पण उठलं तर चेहऱ्यावरची नजर सुटणार.

"आलं घालून!" ते पुन्हा ओरडले. "कपबशीतून!"

काही नाही. हात खुर्चीच्या दांड्यावरून घसरून मांडीवर पडला. लोणच्याचं पिवळं बोट वर.

एक थाप सुटली होती. करार वैजूनंच केला होता. पण सुटली की फक्त ऐकू आली नाही? मारला आणि ती जागी असेल, तर तीन महिने भिंतीकडे बघत बसेल, आणि नंतर नळी, आणि नळी ती घेणार नाही. नाही मारला, आणि ती... त्यांना कडुलिंबाखालची मऊ माती आठवली. उंदीर किती हलका लागतो हातात.

त्यांनी डाव्या हातानं वैजयंतीबाईंची मान वर उचलली आणि फवारा पुढे केला. समोरचं काही दिसत नव्हतं. डोळे भरले होते, फवाऱ्याचं टोक कुठं लागतंय ते कळत नव्हतं.

बाहेर कोणीतरी शिटी मारली. आरतीसाठी ढोल थांबले, सगळे एकदम. गल्लीभर इतकी शांतता पसरली की बरणीचं झाकण खडखडून स्थिर झालेलं ऐकू आलं.

त्या शांततेत आवटींच्या तोंडून स्वतःच्याही नकळत शब्द निघाले, लहान मुलाला सांगावं तसे:

"काही होणार नाही हं, वैजू. भिऊ नकोस. हे बघ, मी तरी कुठं भ्यालोय?"

मान त्यांच्या हातातच होती, डोळे मिटलेलेच होते. ओठांवरून जीभ एकदा सावकाश फिरली.

"लोणकढी!" वैजयंतीबाई म्हणाल्या, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "भ्याला नाहीत, तर मग तो फवारा माझ्या कानात कशाला खुपसताय?"